पुढचा शब्द

इंग्रजी शिकवून पोट भरायचं असेल तर अंगात कोणते गुण लागतात, याचं सहा दिवसांचं रीतसर प्रशिक्षण मी घेतलेलं आहे. ते अमरावतीला, बडनेरा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात झालं. आदल्या दिवशी तिथे कुणाचं तरी लग्न होऊन गेलं होतं आणि स्टेजमागची थर्माकोलची अक्षरं अजून निघायची होती. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी आम्हाला रंगीत कागद वाटले आणि प्रत्येकाने एकेक गुण लिहून भिंतीवर चिकटवा म्हणाल्या. कुणी संयम लिहिला, कुणी शुद्ध उच्चार, कुणी प्रेमळपणा. मी लिहिलं, अस्खलित बोलणं. सहा दिवस मी इतकं अस्खलित बोलले की शेवटी मला 'उत्कृष्ट संवादक' असं प्रमाणपत्र मिळालं. मी ते फ्रेम करून अकोल्याच्या आमच्या क्लासमध्ये लावलं. ते काढून कपाटामागे टाकायची पाळी माझ्यावर एका नर्समुळे आली. तेव्हापासून असल्या गुणांच्या याद्या वाचल्या की माझं डोकं उठतं.

आमचा क्लास अकोल्यात एका कृषी केंद्राच्या वर आहे. खाली बियाणं आणि फवारणीची औषधं विकतात, त्यांचा वास जिन्याने वर येतो. उन्हाळ्यात कूलर लावला की त्याच्या घरघरीवर मात करून बोलावं लागतं, त्यामुळे माझा आवाज मुळातच मोठा, तो आणखी मोठा झाला. संचालकांचं टेबल खाली जिन्याशी. ते कधी वर येऊन शिकवणं बघत नाहीत. खाली बसून ऐकतात. वरून पोरांचा एकसुरात आवाज आला की त्यांना वाटतं, चाललंय बरोबर.

हा एकसुरात आवाज काढायची एक पद्धत आहे आणि ती मी अमरावतीच्या शाळेत पहिलीपासून शिकले. गुरुजी म्हणायचे, "भारत हा कृषिप्रधान..." आणि थांबायचे. आम्ही साठ पोरं ओरडायचो, "देश." गुरुजी म्हणायचे, "पृथ्वी सूर्याभोवती..." आम्ही, "फिरते." गुरुजींनी अर्धं म्हणायचं, आम्ही पुरं करायचं. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाता जाता खूश व्हायचे. कुणाला काय कळलं हे कुणी विचारत नसे. मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा मला दुसरी पद्धत ठाऊकच नव्हती, आणि खरं सांगायचं तर हवीही नव्हती. फक्त इंग्रजीच्या वर्गात ती आपोआप उलटी झाली. विद्यार्थी भीत भीत अर्धं वाक्य बोलायचे आणि माझ्याकडे बघायचे. पुढचा शब्द मी द्यायची. "आय ॲम वर्किंग इन..." "सर्जिकल वॉर्ड." "येस मॅडम." असं आम्ही दोघं मिळून फार छान इंग्रजी बोलायचो.

त्यातून माझा स्वभाव उतावळा. दुसरा माणूस शब्द शोधायला लागला की माझ्या जिभेला खाज सुटते. नवरा "आज संध्याकाळी आपण..." म्हणाला की मी "भाजी आणू, हो" म्हणून मोकळी. त्याला कदाचित सिनेमाला जाऊ म्हणायचं असेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता तो शब्द शोधायच्या भानगडीत पडत नाही.

ती नर्स बाळापूरची. अकोल्यातल्या एका खाजगी दवाखान्यात नोकरीला, रोज एसटीने जाऊन-येऊन. तिशीच्या आतबाहेरची, बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले. आयर्लंडमधल्या एका दवाखान्यात तिला जागा मिळत होती. अट एकच, इंग्रजीची परीक्षा. त्यातलं ऐकणं, वाचणं, लिहिणं हे तीन भाग ती पहिल्याच वेळी पास झाली. बोलण्याच्या भागात नापास. बोलण्याची परीक्षा म्हणजे नागपूरला जाऊन एका परीक्षक बाईसमोर बसायचं आणि ती विचारील त्याची उत्तरं द्यायची, एवढंच. तिला तिकडे पाठवणाऱ्या एजन्सीवाल्यांनी सांगितलं की जागा राखून ठेवतो, पुन्हा बसा. म्हणून ती माझ्याकडे आली.

माझ्यासमोर ती झकास बोलायची. बोलायची म्हणजे काय, ते आता मला कळतंय, पण तेव्हा मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायची की बाळापूरची ती पोरगी या खेपेला एका झटक्यात निघणार. सगळे धडे ती मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्यायची आणि एसटीत कानाला लावून ऐकायची. असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं.

ती दुसऱ्यांदाही नापास झाली. बोलण्याच्या भागात पहिल्यापेक्षा कमी गुण मिळाले.

मी तिच्यावर उखडले. चुकलं माझं, पण उखडले. "तुला सगळं येतं. इथे माझ्यासमोर घडाघडा बोलतेस. मग तिथे जाऊन काय होतं तुला?"

तिने पर्सची चेन उघडली, लावली. मग म्हणाली, "मॅडम, तिथं ते बाई काईच बोलत नाई."

"म्हणजे?"

"म्हणजे मी बोलतो, मंग थांबतो. तं ते बी थांबते. मी तिच्याकडं पायतो, ते माह्याकडं पायते. मंग ते दुसरा प्रश्न विचारते."

मला परीक्षक बाईचाच राग आला. एवढं शिकलेली माणसं, समोरच्याला जरा धीर देता येत नाही? मी तिला म्हणाले, "पुढच्या वेळी घाबरायचं नाही." हा सल्ला मी आजवर शेकडो जणांना दिला असेल. त्याने एकाचीही भीती गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

एजन्सीने या वेळी स्पष्ट कळवलं, की आता शेवटची संधी. तिसऱ्यांदा नाही झालं तर जागा दुसऱ्या मुलीला. तिच्या हातात जेमतेम महिना होता.

त्याच आठवड्यात मी बाबांना तिच्या दवाखान्यात नेलं. आई गेल्यापासून बाबा अमरावतीचं घर बंद करून माझ्याकडे अकोल्याला राहतात. एसटीत कंडक्टर होते. सगळा जन्म लोकांशी बोलण्यात गेला, म्हणून आता रिटायर झाल्यावर बोलत नाहीत, असा आमच्या घरात सगळ्यांचा समज. म्हणजे माझा समज आणि बाकीच्यांची मान डोलवणी. सकाळी विहारात जाऊन येतात, पेपर वाचतात, दुपारी झोपतात. महिनाभर त्यांना सकाळी चक्कर येत होती. पित्त, दुसरं काय. चहा सोडा म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते.

डॉक्टर यायच्या आधी पेशंटची माहिती लिहून घ्यायला नेमकी तीच आली. मला बघून हसली. पांढऱ्या कपड्यांत ती वेगळीच दिसत होती, खांदे सरळ, आवाज खालचा पण ठाम. तिने कागद घेतला आणि विचारलं, "काय होते बाबाजी?"

"चक्कर येते सकाळी," मी म्हणाले. "पित्त आहे त्यांना. चहा फार पितात."

तिने काही लिहिलं नाही. पुन्हा बाबांनाच विचारलं, "बाबाजी, काय होते तुमाले?"

"रात्री झोप नीट लागत नाही, त्यामुळेही..." मी म्हणाले.

"मॅडम," ती म्हणाली, अगदी शांतपणे, "तुमी बसा. पण बोलू नका."

क्लासमध्ये 'येस मॅडम'च्या पलीकडे न जाणारी पोरगी मला गप्प बस म्हणत होती. मला झोंबलं, पण दवाखान्यात तमाशा नको म्हणून बसले. तिने पेन खाली ठेवलं. बाबांच्या दंडाला प्रेशरचा पट्टा बांधला, सोडला, घडी केला. बाबांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागले.  चार वेळा माझ्या ओठांवर वाक्य आलं. ती मात्र बाबांच्या तोंडाकडे बघत उभी होती. दिवसभर दुसरं काही कामच नाही, अशी उभी होती.

मग बाबा बोलले. "पायाले मुंग्या येतात. तळव्याले. रातच्यानं चार-चार खेपा उठा लागते. दोन खेपा पडलो मोरीत."

मला यातलं काही माहीत नव्हतं. एका घरात राहून, रोज त्यांना चहा देऊन, माहीत नव्हतं.

"बाबा, हे मला का नाही सांगितलं?"

"सांगाले लागलो का तू म्हणतं, पित्त झालं असन, पाणी प्या," बाबा म्हणाले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. तिकीट फाडून दिल्यासारखं सांगितलं त्यांनी.

रक्त तपासलं तेव्हा साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच दिवसांची असणार. औषधाच्या खिडकीशी उभी असताना ती नर्स माझ्याजवळ आली. तिला वाटलं असावं, मॅडमला लागलं.

"तसं नाई मॅडम. पेशंटले आपण सुचवलं का, तो हाव म्हणते. पोट दुखते का म्हटलं, तं हाव. डोकं दुखते का, तं हाव. त्याले वाटते या लोकाइले जास्त समजते. मंग डॉक्टर भलतंच औषध लिवते. आमाले पयल्याच वर्षी शिकवलं. विचारा आन थांबा."

"किती थांबायचं?" मी विचारलं.

"त्याचं होयेपर्यंत," ती म्हणाली. तिला कुणीतरी बोलावलं म्हणून ती गेली.

  संध्याकाळी तिला मेसेज करून मी आमच्या धड्यांची रेकॉर्डिंग मागवून घेतली आणि स्वयंपाकघरात मोबाईल ठेवून लावली. कणीक मळत ऐकत होते. थोड्या वेळाने हात थांबले. स्वतःचा आवाज ऐकायला कुणालाच आवडत नाही म्हणतात, पण मला आवाजाचं वाईट वाटलं नाही. मला वाईट वाटलं ते त्याला अंत नसल्याचं. ती म्हणायची, "माय होम टाउन इज..." आणि मी, "बाळापूर, अ स्मॉल टाउन विथ ॲन ओल्ड फोर्ट." ती, "इन माय फ्री टाइम आय..." मी, "लाइक टू वॉच टीव्ही अँड कुक." ती टीव्ही बघते की नाही, देव जाणे. सकाळी सहाला निघून रात्री आठला घरी पोचणाऱ्या बाईला मी स्वयंपाकाची आवड चिकटवली होती. "आय वॉन्ट टू गो टू आयर्लंड बिकॉज..." ती म्हणायची. दर वेळी मी, "आय वॉन्ट टू सपोर्ट माय फॅमिली." "येस मॅडम." आणि मी पुढे, "व्हेरी गुड."

बाबा पाणी प्यायला आत आले. जरा वेळ ऐकत उभे राहिले.

"कोन व्हय हे?"

"माझी विद्यार्थिनी. दवाखान्यातली."

"तिचा आवाज तं येऊनच नाई राहिला," बाबा म्हणाले आणि ग्लास ठेवून गेले.

हीच रेकॉर्डिंग ती महिनोन् महिने एसटीत बसून ऐकत होती. मी तिला वाक्य अर्ध्यात सोडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला शिकवलं होतं, आणि रोज बाळापूर ते अकोला तिने त्याची उजळणी केली होती. परीक्षेत तिने माझं शिकवणं तंतोतंत पाळलं. म्हणून ती नापास झाली. मला इतका संताप आला की पोळ्या करपल्या. त्या तज्ज्ञ बाईंचा राग आला, गुरुजींचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. नुसता संयम लिहिला होता भिंतीवर. तो तोंडात कसा धरायचा, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मी लवंग धरायचं ठरवलं. प्रश्न विचारला की एक लवंग दाढेखाली ठेवायची आणि समोरचीचं पूर्ण होईपर्यंत ती काढायची नाही. ऐकायला पोरकट वाटतं, पण गप्प बसणं ज्याला स्वभावात मिळालेलं नाही त्याला काहीतरी टेकू लागतो.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "मॅडम, दात दुखून राहिले का?"

मी मानेने नाही म्हटलं आणि तिला दिवसाचं काम सांगायला सांगितलं. "आय स्टार्ट माय ड्यूटी ॲट..." ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. खाली एक गिऱ्हाईक बियाण्याच्या पिशवीवरून दुकानदाराशी हुज्जत घालत होतं, ते शब्द न् शब्द वर ऐकू येत होतं. ती पुन्हा म्हणाली, "ॲट..." आणि थांबली. मग तिला रडू यायला लागलं.

"सांगा ना मॅडम. कावून असं करून राहिल्या?"

माझी जीभ लवंगेने बधिर झाली होती आणि तरीही 'सेव्हन ओ क्लॉक' तिच्या टोकावर येऊन बसलं होतं. हे मी जन्मात विसरणार नाही. ती सात वाजता ड्यूटीला लागते हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिला शब्द येत होता. तो माझ्याकडून घ्यायची सवय सुटत नव्हती, एवढंच. शेवटी नाक पुसून ती रागाने म्हणाली, "सेव्हन." आणि मग पुढचं वाक्य आपलं आपण सुरू केलं.

एवढं झालं म्हणून सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. उलट क्लासची घडी बिघडली. बॅचमधल्या बाकीच्या मुली संचालकांकडे गेल्या, की मॅडम आजकाल काही शिकवत नाहीत, नुसत्या तोंडात काहीतरी घोळवत बसतात. संचालक पहिल्यांदाच जिना चढून वर आले. "मॅडम, खाली आवाज येत नाही," ते म्हणाले. मी म्हणाले, त्या विचार करतायत. "विचार घरी करतील," ते म्हणाले, "इथे तुमचं बोलणं ऐकायला येतात." त्यांचंही चूक म्हणता येत नाही. आपल्याकडे बोलणारा तो मास्तर. गप्प बसणाऱ्या मास्तरची कुणी जाहिरात केलीय? मी त्यांना समजावून सांगायला गेले आणि बोलता बोलता लक्षात आलं, त्यांचीही तीन वाक्यं मीच पुरी केली होती.

दिवस पळत होते. ती सुधारत होती, पण दोन पावलं पुढे आणि एक मागे. कधी तीन-चार वाक्यं सलग बोलायची, कधी मधेच थांबून जुन्या आशेने माझ्याकडे बघायची. मी कधी लवंग चावून टाकायची, कधी सरळ हार खायची. घरी बाबांवर सराव करायचा प्रयत्न केला. "बाबा, आज कसं वाटतंय?" विचारून गप्प बसले. बाबा म्हणाले, "तुले काय झालं?"

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेवटचा तास होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ती नागपूरला निघणार होती. तिची शेवटची संधी होती आणि आम्हा दोघींचे चेहरे उतरलेले. मी सगळे प्रश्न ओळीने विचारत गेले. घर, काम, आवडता सण, कठीण प्रसंग. ती थांबत थांबत का होईना, पण स्वतः बोलली. मला वाटलं, जमलं. मग शेवटचा प्रश्न विचारला. तुला आयर्लंडला का जायचंय?

"आय वॉन्ट टू गो टू आयर्लंड बिकॉज..." ती म्हणाली.

आणि थांबली. माझ्याकडे बघत नव्हती या वेळी. खिडकीकडे बघत होती. मी वाट पाहिली. खालचं शटर अर्धं पडल्याचा आवाज आला. संचालकांनी जिन्यावरून वेळ झाल्याची खूण म्हणून बटण वर-खाली केलं, दिवा लुकलुकला. तिची बाळापूरची एसटी चुकणार होती. ती अजून थांबलेलीच. उद्या तिथे अशीच बसून राहिली तर? मी लवंग थुंकून म्हणाले, "टू सपोर्ट माय फॅमिली. सांगितलंय ना किती वेळा."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"येस मॅडम," ती म्हणाली. पर्स उचलली आणि गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिणं बरं दिसलं असतं. झोप लागली. पण सकाळी उठल्याबरोबर तोंड कडू झालं होतं आणि ते लवंगेमुळे नव्हतं. महिनाभर जे सोडवायचा प्रयत्न केला ते मी शेवटच्या मिनिटाला पुन्हा गाठ मारून तिच्या हातात दिलं होतं. प्रमाणपत्राची फ्रेम मी त्या दिवशी क्लासमध्ये गेल्या गेल्या काढली.

निकाल लागायला काही दिवस गेले. त्या दिवसांत तिचा फोन नाही, मेसेज नाही. मी करायला घ्यायची आणि पहिला शब्द टाईप करून पुसून टाकायची. मग एका दुपारी क्लास रिकामा असताना ती जिना चढून आली. हातात कागदाचं पुडकं, त्याला तेल सुटलेलं. गरम आलूबोंडे आणले होते.

"पास झाली मॅडम," ती म्हणाली.

मी तिला मिठी मारली असती, पण ती असल्या गोष्टींतली नाही आणि मीही नाही. मी पुडकं सोडलं, तिला खुर्ची दिली. कूलर बंद करून टाकला. मग विचारलं, काय काय आलं होतं?

"शेवटी तेच आलं. आयर्लंडले कावून जाता."

"मग? सपोर्ट माय..." माझ्या तोंडून निघालंच. मी आलूबोंड्याचा मोठा घास घेतला.

ती माझा घास संपेपर्यंत थांबली. मग मराठीत नाही, इंग्रजीत सांगू लागली. तिथे जसं बोलली तसं. आवाज खालचा, ठाम, दवाखान्यातला. तिने परीक्षक बाईला सांगितलं होतं की घर चालवायला मला परदेशात जायची गरज नाही, घर इथल्या पगारात चालतं. मला जायचंय कारण इथे सगळे माझ्या वतीने बोलतात. माझी ड्यूटी कशी होती ते माझा भाऊ पाहुण्यांना सांगतो. माझ्या पेशंटला काय झालं ते मी सांगायच्या आधी डॉक्टर सांगून टाकतात. मला कसा नवरा हवा ते माझी मावशी सांगते. मला अशा ठिकाणी जायचंय जिथे मला ओळखणारं कुणी नाही, म्हणजे मलाच सांगावं लागेल.

परीक्षक बाईने विचारलं होतं, तुमचं बोलणं ऐकून घेणारं कुणीच नाही का? तुमच्या इंग्रजीच्या शिक्षिका?

"मंग तुमी काय सांगितलं?" मी विचारलं. मी तिला तुमी म्हटलं, आणि तेही तिच्याच बोलीत, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"आय सेड, शी इज अ व्हेरी गुड वुमन," ती म्हणाली. मग थांबली. माझ्याकडे बघत नव्हती, शब्द शोधत होती. मी तिला शोधू दिला. "बट शी इज द वर्स्ट लिसनर."

व्याकरणाच्या चुका शोधायची मला सवय आहे. यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

खाली कुणीतरी औषधाचा डबा फोडला असावा, वास वर आला. ती पुढे झुकली आणि पेशंटला विचारावं तसं तिने मला विचारलं, "अँड यू, मॅडम? हाऊ डू यू फील?"

"आय फील..." मी म्हणाले.

सॅड म्हणायचं होतं का? अशेम्ड? की हॅपी, कारण ती चालली होती? एवढ्या वर्षांत हजार माणसांना मी शब्द पुरवले आणि त्या घटकेला माझ्याजवळ एक निघेना. मी तिच्याकडे पाहिलं. तिला माहीत असणार, असं मला वाटलं. तिने हात मांडीवर ठेवले होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, बाबांकडे बघत होती तशी.

"आय फील..." मी पुन्हा म्हणाले.

पुढचा शब्द तिने दिला नाही. बाळापूरची एसटी निघून गेली तरी ती तशीच बसून राहिली.